पहिला नारळ घोरपडीला

वाघिवलीच्या देवराईतल्या सरड्यांनी शिमग्याला मानाचा पहिला नारळ मागितला. आता यात शेवटी कुणाचं काय गेलं, ते ओळखून दाखवा. हवं तर डोकं खाजवा, नाही जमायचं.

मागणी घेऊन घोरपड आली. देवळापुढं गावकी बसलेली, ती सरळ मधोमध जाऊन बसली. हा पहिला नारळ आजोबा-पणजोबापासनं धाकू शिगवणाच्या घरचा. धाकूकडं दुसरं होतं काय? एक बैल, तोही म्हातारा. पण नारळ हातात पडला की गडी वर्षभर छाती काढून चालायचा.

"घरपट्टी भरता काय?" धाकूनं विचारलं.

"ढोलीला घरपट्टी नसते," घोरपड म्हणाली. "काम करतो. उडते सरडे खोडावरच्या मुंग्या संपवतात. सापसुरळ्या पाचोळ्यातले किडे बघतात. मेलेलं, कुजलेलं माझ्याकडं. गरुडाला भूक लागली की आमच्यातलाच एक जातो. शिगवण, तुम्ही काय करता?"

"मी नारळ घेतो."

गावकीला उत्तर बरोबर वाटलं.

"मग काम बंद," म्हणून घोरपड शेपूट ओढत निघून गेली.

पंधरवड्यात वाळवीनं पालखीचा दांडा खाल्ला. मुंग्या देवीच्या नाकातनं ये-जा करायला लागल्या. रघू गुरव धाकूच्या दारात आला.

"दे की रे एक नारळ. देवीला खाज सुटलीय."

"मला नाही सांगितलं देवीनं."

मग गुरवानं कौल लावला. देवीला दोन्हीकडं फुलं चिकटवली आणि विचारलं, "जो देवराईचं काम करील, त्याचा नारळ. असं असेल तर उजवं दे." उजवं पडलं.

"झालं," धाकू म्हणाला. "सरड्याचं नाव कुठं घेतलंस? काम मी करतो."

गावकीला हेही बरोबर वाटलं. घोरपडीलाही.

धाकूनं सदरा काढला, काष्टा मारला, ऐनाच्या झाडावर चढला आणि मुंग्या खायला लागला. घोरपड खाली बसून बघत होती.

"मागची बाजू राहिली," ती म्हणाली.

"तिकडंच चाललोय."

दुपारी बायको भागी आली. "अहो, जेवायला या."

"पोट भरलंय."

तेवढ्यात वर गरुड घिरट्या घालायला लागला.

"हेही कामातच येतं," घोरपड म्हणाली.

"ठाऊक आहे."

"अहो, उतरा खाली," भागी म्हणाली. "खड्ड्यात गेला तो नारळ."

"नारळ माझाय." धाकूनं घोरपडीकडं बघितलं. "सापसुरळी अशा वेळी काय करते?"

"शेपूट सोडते."

धाकूनं मागं हात लावून बघितला. काही नव्हतं. मग त्यानं डावा कान सोडला. गरुडानं तो घेतला आणि गेला. एवढाच का, अशी तक्रार गरुडानं केली नाही.

शिमग्याला पहिला नारळ धाकूच्याच हातात पडला. घोरपडीनंच दिला.

सापसुरळीचं शेपूट परत फुटतं. धाकूचा कान अजून फुटलेला नाही, भागी रोज सकाळी हात लावून बघते. पुढचा शिमगा जवळ आलाय. धाकू ओट्यावर बसून उजव्या कानाला तेल चोळतोय.