गोदाची छत्री आणि सखारामची गिटार

"तार कुठल्याही मुलखातली असो, महिपतच्या हाताखाली आली की तिला सरळ यावंच लागतं!"

हे वाक्य महिपत वर्षातून निदान चाळीस वेळा बोलत असे, आणि अगदीच खोटं बोलत नसे. भाट्याच्या खाडीकाठची त्याची पडवी म्हणजे आजारी वाद्यांचा दवाखानाच. भजनी मंडळांच्या पेट्या, तंबोरे, एकताऱ्या, जे म्हणून सुराला आळस करी ते तिथं येऊन पडे आणि चार दिवसांत ताठ होऊन घरी जाई. त्यामुळे महिपतची मानही जरा ताठच असायची.

अडतीस सालच्या शिमग्याला आठ दिवस उरले होते. सकाळीच सगुणा डोक्यावर एक लांबट काळी पेटी घेऊन पडवीत आली. सगुणा म्हणजे शेजारच्या सखारामची बायको. सखाराम वीस वर्षं बोटीवर खलाशी होता. गेल्या साली दोर गुंडाळायच्या यंत्रात त्याचा डावा हात सापडला. बोटं जाग्यावर राहिली, पण वाकायची विसरली. तेव्हापासून हा सहा फुटी गडी खाडीकडे तोंड करून बसे, आणि विचारलं तेवढ्याचंच उत्तर देई.

"भावजी, हे ह्यांचं वाद्य," सगुणा पेटी उतरवत म्हणाली. "गिटार म्हणतात. बोटीच्या वरच्या मजल्यावर एक गोरा वाजवायचा. ह्यांना वर जायची बंदी, म्हणून ह्ये खालून ऐकायचे आणि टाळ्या वाजवायचे. तो गोरा मधल्याच बंदराला उतरला, तेव्हा ह्ये हाताला पट्टी बांधून पडलेले. जाताना सांगून गेला म्हणे, खालून टाळ्या वाजवणाऱ्या खलाशाला हे द्या!"

"म्हणजे सखारामनं त्याला वाजवताना बघितलंच नाय?"

"नुसतं ऐकलंय. आता रोज संध्याकाळी घेऊन बसतात. तारा ह्या एवढ्या उंच! बोटानं दाबल्या जात नायत. मग पेटी बंद करतात आणि भिंतीकडं बघत बसतात. मला ते बघवत नाय हो, भावजी. शिमग्यात देवाची पालखी आमच्या अंगणात येईल त्या दिवशी ह्यांच्या हातून एक तरी सूर निघू दे."

महिपतला ते ऐकवेना. आणि कुणाचं दुःख ऐकवेनासं झालं, की बढाई मारल्याशिवाय त्याला राहवत नसे!

"वैनी, पालखी अंगणात टेकली की सखाराम वाजवील! नाय वाजवलं, तर ही सगळी हत्यारं खाडीत फेकीन!"

"हत्यारं माझ्या बापानं दिलेली हायत," आतून त्याची बायको गोदा म्हणाली. "दुसरं कायतरी फेका!"

महिपतनं पेटी उघडली आणि आतलं धूड उलटंपालटं करून बघितलं. वाद्य काळंभोर आणि भरीव! पोकळ भोपळा नाही, भोक नाही. सूर राहायचा कुठं? एका टोकाला तारांवरून चुंबकाची कमान होती; महिपतची पक्कड तिनं हातातून ओढून घेतली. बुडाला एक वायर लोंबत होती.

"ती विजेत खुपसायची," सगुणा म्हणाली. "मग आवाज मोठा होतो म्हणे."

वीज अजून वाडीत यायची होती. तार छेडली की डास कानावरून गेल्याएवढा आवाज येई. पण महिपतला युक्ती सुचली. भाताचा रिकामा लाकडी पेटारा पुढं ओढून त्यानं गिटार त्यावर आडवी ठेवली आणि तार छेडली. पेटाऱ्यानं सूर उचलला!

"बघितलंत? महिपत म्हणतात मला!"

पेटीच्या कोपऱ्यात मखमलीचा एक छोटा खळगा रिकामा होता.

"ह्यात काय होतं?"

"अंगठ्याएवढा लोखंडाचा कांडका. गुळगुळीत! माशाच्या आमटीला तिरफळं ठेचायला काय बेस हाय म्हणून सांगू!"

"वजन असेल, वाऱ्यानं पेटी हलू नये म्हणून," महिपत म्हणाला. त्याला कुठल्याही गोष्टीचं कारण लगेच सुचत असे.

मग तो कामाला लागला. वाद्याच्या डोक्याकडच्या धातूच्या पट्टीवर तारा टेकल्या होत्या. ती त्यानं कानशीनं निम्मी घासली. तारा खाली आल्या. पण खाली येऊन टेकणार कशावर? सतारीला पितळेचे पडदे असतात, बोटाखाली तार त्यांच्यावर टेकते. इथं नुसत्या पांढऱ्या रेघा काढलेल्या!

"गोऱ्यांचं काम असंच," महिपत स्वतःशीच हसला. "खुणा करून ठेवल्या आणि पडदे बसवायला विसरले!"

आता इतक्या पातळ, सरळ सळ्या आणायच्या कुठून? त्याची नजर घरभर फिरली आणि खुंटीवरच्या गोदाच्या छत्रीवर थांबली. शिमग्यात कोण छत्री उघडतं? पावसाळ्यापर्यंत नवीन काड्या घालता येतील. त्यानं छत्रीच्या काड्या काढल्या, तुकडे केले, एकेका रेघेवर एकेक चिकटवून वर बारीक खिळे मारले आणि कापड जसंच्या तसं गुंडाळून छत्री पुन्हा खुंटीला लावली. दुरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. गोदा दुरूनच बघत होती, म्हणून निभावलं.

तिसऱ्या दिवशी सखाराम आला. त्यानं एका ताठ बोटानं तार दाबली. 'झर्रर्र!' सुतारपक्षी पत्र्यावर बसल्यासारखा आवाज.

"छान हाय," महिपतनं विचारल्यावर सखाराम हळूच म्हणाला.

ही चांगुलपणाची थाप आहे, हे महिपतला कळलं. सखारामच्या कपाळावर घाम आला होता आणि दाबून दाबून बोट पांढरं पडलं होतं. त्या वेळीच महिपतनं हात जोडून 'मला जमत नाय' म्हटलं असतं, तर गोष्ट तिथंच संपली असती. पण हे तीन शब्द त्यानं जन्मात कधी उच्चारले नव्हते.

"अजून वायच खाली घेतो!" तो म्हणाला.

पालखीच्या दिवसापर्यंत त्यानं तारा इतक्या खाली घेतल्या की त्या काड्यांवर निजल्याच.

त्या दिवशी दुपारी ढोल वाजत पालखी सखारामच्या अंगणात आली. नाचली, टेकली. सगुणानं ओटी भरली. सगळी वाडी गोळा झाली होती. महिपतनं पेटारा मांडला, त्यावर गिटार ठेवली आणि ढोल थांबवून सांगितलं, "आता सखाराम विलायती वाद्य वाजवील! तारा महिपतनं लावल्यात!"

सखाराम मांडी घालून बसला. त्यानं देवाला नमस्कार केला आणि तारा छेडल्या.

'खर्रर्र!'

"महिपता, आत मांजर तर नाय ना अडकलं?" म्हाताऱ्या आप्पानं विचारलं. सगळे हसले. सखारामनं पुन्हा दाबून बघितलं. पुन्हा. मग लोकांना त्याची न वाकणारी बोटं दिसली, आणि हसणं एकदम बंद झालं. ते हसण्याहून वाईट होतं. सखारामनं डावा हात उचलून मांडीवर ठेवला, दुसऱ्याचा असावा तसा. सगुणानं तोंड फिरवलं.

महिपतला वाटलं, हत्यारांबरोबर आपणही खाडीत जावं. आपण वैनीला शब्द दिला तो सखारामसाठी की चारचौघांत मिरवण्यासाठी? आठ दिवसांत हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच पडला आणि त्याचं उत्तर त्याला आवडलं नाही.

इतक्यात गर्दीतून केरू पुढं आला. केरू सखारामच्याच बोटीवर वरच्या मजल्यावर चहा वाटायचा. सणाला कालच सुटीवर आला होता. त्यानं वाकून गिटार बघितली आणि ओरडला, "आवशीचा घो! ह्यावर छत्रीच्या काड्या कोणी मारल्या?"

"छत्रीच्या?" गर्दीच्या मागून गोदाचा आवाज आला.

महिपतनं मान खाली घातली.

"अरे, हिच्या तारा दाबायच्याच नसतात!" केरू म्हणाला. "मी रोज बघायचो ना! अशी आडवी ठेवायची, डाव्या हातात लोखंडाचा कांडका धरायचा आणि तारांवरून नुसता फिरवायचा. म्हणून तर तारा उंच ठेवलेल्या! बोट वाकवायचं कामच नाय!"

सखारामनं आपल्या हाताकडं बघितलं. बोटं न वाकणारा हात, पण अंगठ्याच्या चिमटीत धरलेलं न सोडणारा.

"अगो बाय, माझा कांडका!" म्हणत सगुणा चुलीकडं धावली.

"पालखी वायच थांबवा!" महिपत ओरडला. त्यानं पक्कड घेतली आणि भराभर काड्या उपटल्या. सुटलेले तुकडे चुंबकाच्या कमानीला जाऊन चिकटत होते. पण घासलेली पट्टी पुन्हा वाढवायची कशी? तारांखाली सरकवायला हवा होता लोखंडाचा एक जाड तुकडा. तो गुडघ्यांवर बसून इकडंतिकडं बघत होता. कोणीतरी त्याच्या पुढ्यात काहीतरी टाकलं. छत्री!

"दांडा घ्या," गोदा म्हणाली. "काड्यांशिवाय तो काय माझ्या डोक्यावर कापड धरणार हाय?"

महिपतनं बायकोकडं बघितलं. त्यानं लोखंड कापायच्या करवतीनं दांड्याचा बोटभर तुकडा कापून तारांखाली सारला. तारा उंच झाल्या, अगदी पहिल्यासारख्या.

सगुणानं कांडका पदरानं पुसून नवऱ्याच्या हातात दिला. त्याला तिरफळांचा वास येत होता. सखारामनं तो तारांवर ठेवला, छेडलं आणि हात सरकवला. सूर पायऱ्या न मोजता, पाण्यावरून होडी जावी तसा पुढं गेला. पेटारा घुमला. त्या गोऱ्याची चाल सखारामला बंदरामागून बंदर ऐकून ऐकून पाठ होती. अर्ध्यात ती चुकली, पुन्हा पकडली, पुन्हा चुकली. पण तोवर सखाराम रडत होता आणि हसतही होता. खांद्यावर पालखी घ्यायला आलेली माणसं खाली बसली. ढोलवाला ढोलावरच डोकं टेकून ऐकत राहिला.

चाल संपल्यावर सखाराम आपणहून बोलला. वर्षात पहिल्यांदा.

"महिपता, तारा अजून वायच वर घे."

पुढं पावसाळ्यात गोदा सगळ्या बाजारातून पानांचं इरलं पांघरून हिंडली. छत्री कुठं गेली, असं कोणी विचारलं की ती शांतपणे म्हणे, "सखारामभावजी वाजवतात."

त्याच पावसात शेजारच्या वाडीतले रावजी तंबोरा घेऊन पडवीत आले. महिपत छाती काढून म्हणाला, "तार कुठल्याही मुलखातली असो..."

तेवढ्यात त्याची नजर खुंटीवर गेली. तिथं छत्रीचं काळं कापड आणि वाकड्या मुठीचा तुटका दांडा, एवढंच लोंबत होतं. आत गोदा खाकरली.

"ते असू दे," महिपत म्हणाला. "आधी मला सांगा, रावजी, हा तुम्ही वाजवता कसा?"

"बोटानं!" रावजी चकित होऊन म्हणाले. "तंबोरा आणखी कशानं वाजवतात?"

"बरं, बरं," महिपत ओशाळून म्हणाला. "विचारलेलं बरं."