चेटकिणीच्या कमरेची चावी

दवनीवाड्याच्या वीरेंद्रकडे सुटीचे दोनच दिवस होते, आणि त्यातला दीड दिवस भांडणात गेला होता. नागपूरहून तो एक खेळ शिकून आला होता. कागद, पेन्सिल आणि वीस बाजूंचा फासा. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले वीर व्हायचं, आणि लढाईत कोण जिंकलं ते फासा सांगणार. राक्षस तयार होते, चेटकिणी तयार होत्या, पण गोष्ट कोणत्या काळात घडते तेवढंच ठरेना. पाहुणा आलेला त्याचा मित्र मुन्ना तर संध्याकाळच्या बसनं परत जाणार होता.

"राजायचा काळ घे," मुन्ना म्हणाला. "मी राजा."

"मंग मी कोन, तुया घोडा?" शेजारचा टिंकू भडकला. "इंग्रजायचा घे बे. दरेकशाच्या बोगद्यात रेल्वे लुटू."

"अन् तवा मले घराबाहेर कोन सोडन?" वीरेंद्रची बहीण गुंजन म्हणाली. तिला तलवार हवी होती.

त्यांची आई सुलोचनाबाई तिथंच सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांना राहवेना. "राजाचे पाचशे घोडे म्हंता. शेन कोन काढन?"

शेणाचा विचार खरंच कोणी केला नव्हता.

"मंग तूच सांग ना काळ!" वीरेंद्र वैतागला. इथं त्याचं चुकलं.

"मी नवरी होऊन आली, तो घे," सुलोचनाबाईंनी सूप बाजूला सारलं. "चेटकीन घरातच हाये. साखरेच्या कपाटाची चावी तिच्या कमरेले. पाहुने आले का हात पसरा, आत्याबाई, दोन चमचे साखर द्या! अठ्ठावीस वर्सं झाली, अजून मांगूनच राहिली मी. लाज वाटते मले!"

वीरेंद्रनं घाबरून आतल्या दाराकडं पाहिलं. आतल्या खोलीत आजी, म्हणजे सुलोचनाबाईंच्या सासू, त्याच त्या आत्याबाई, अनुसयाबाई झोपल्या होत्या, आणि त्यांचं घोरणं नुकतंच थांबलं होतं.

पण बाकीच्यांना भान कुठलं! मुन्ना राजेपद विसरला, टिंकू रेल्वे विसरला. गुंजननं तलवार म्हणून स्वयंपाकघरातून उलथणं आणलं. "काकू, चावी काहाडाची कशी?" मुन्नानं विचारलं.

"चेटकीन कोन बनून राहिलं?" दारातून आवाज आला. अनुसयाबाई उभ्या होत्या.

गुंजननं उलथणं पाठीमागं लपवलं.

"मंग आन तो फासा. मी हावो ना जिवंत! मायं काम दुसऱ्याले कायले?"

सुलोचनाबाईंनी फासा टाकला. अकरा. अनुसयाबाईंनी टाकला. एक.

"आजी... चेटकीन हरली," वीरेंद्र पुटपुटला.

अनुसयाबाईंनी कमरेची चावी काढून सुनेच्या हातावर ठेवली. "खेळ म्हंजे खेळ. घे."

सुलोचनाबाईंचे डोळे भरले. त्यांनी स्वतः कपाट उघडलं आणि सगळ्यांना चहा केला. इतका गोड चहा त्या घरात कधीच झाला नव्हता. बस निघून गेली, मुन्ना उठला नाही.

अनुसयाबाईंनी कप रिकामा करून फासा जवळ ओढला. "इतकुशा चेटकिनीले भेले! आता माया लग्नाचा काळ मांडा. माया सासूपुढं तुमचे राक्षस पानी भरतीन. यावेळी सून मी. सुलोचना, तू मायी सासू."

सुलोचनाबाईंनी चावी कमरेला घट्ट खोचली आणि पदर सारखा केला.

"अन् अजून एक कप आन," अनुसयाबाई म्हणाल्या. "साखर टाकून."

सुलोचनाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"आधी फासा टाका," त्या म्हणाल्या.