अर्जदार मयत, डाव चालू

शिरोड्याच्या आंतोनबाबांच्या व्हरांड्यात रोज दुपारी चालतो तो खेळ की जुगार, या प्रश्नावरून त्या मंगळवारी डाव अडला. डाव मेंढीकोटाचा. एका बाजूला आंतोनबाब आणि शेजारच्या मथुराकाकी, दुसऱ्या बाजूला होडीवाले रहमतुल्लाचाचा आणि बेकरीवाले लिओन. पणाला काजूबिया, बिस्किटांच्या जुन्या डब्यात भरलेल्या.

"जुगार पैशांचो आसता," रहमतुल्लाचाचा म्हणाले. "काजूबी म्हणजे काय पैसो?"

"पैसो, नायतर पैशाचा मोल असलेली वस्तू," आंतोनबाब म्हणाले. त्यांनी चाळीस वर्षं वकिलाकडे कारकुनी केली होती आणि १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा त्यांना प्रार्थनेसारखा पाठ होता. "इंग्रजाचो कायदो तो! आपण व्हरांड्यात पानां पिसली तर गुन्हो, सायबान घोड्यार पैसे लावले तर सरकाराचो महसूल. तेवा इन्सुलीचो नाको ओलांडून गोंयात गेलास तर पोर्तुगीज सरकार सोताच लॉटरी इकी. पण कलम तेरा आयक. निव्वळ अकलेचो खेळ असलो तर माफ."

"तुझ्या खेळात अक्कल खंय आसा रे?" लिओन म्हणाले.

हे आंतोनबाबांना लागलं. याचा निकाल आता सरकारनेच लावायचा, असं त्यांनी पानं पालथी ठेवत जाहीर केलं. "ग्लोरिया, माझ्या जाग्यार बस गो वायच. माका अर्ज लिवूचो आसा."

ग्लोरिया त्यांची मुलगी. गावच्या वाचनालयात काम करायची. धुण्याची बादली घेऊन ती दारात उभी होती. बराच वेळ उभी होती.

"माका वेळ नाय, पप्पा."

हे उत्तर ती रोजच द्यायची, आणि तेही रोजच विचारायचे. मग त्या घरच्या रिवाजाप्रमाणे अर्ध्या डावावर सूप पालथं घातलं गेलं. अर्धा डाव मोडायचा नाही. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. तासाभराने आंतोनबाबांनी पाकीट हातात दिलं. ग्लोरियाने ते न वाचता ठाण्यात पोचवलं, शिक्का मारून घेतला आणि वाचनालय गाठलं.

बुधवारी सकाळी आंतोनबाब उठले नाहीत.

पुढचे दिवस ग्लोरिया बसली नाही. तिने कपाटं उपसली, आवरली, पुन्हा उपसली. समाचाराला आलेल्यांच्या हातातला चहा संपायच्या आत ती कपासाठी हात पुढे करायची. "बस गो चेडवा," असं सगळे म्हणायचे आणि तिने झाडू घेतला की स्वतःचे पाय वर घ्यायचे. फक्त व्हरांड्यातलं सूप तिने हलवलं नाही. त्याच्या भोवतीने केर काढला.

चर्चमधली सातव्या दिवसाची मिस, म्हणजे मयतासाठीची प्रार्थना, आटोपून तिन्ही म्हातारी माणसं घरी आली आणि सवयीने आपापल्या जागी बसली. चौथी खुर्ची रिकामी होती. कुणी काही बोलायच्या आत फाटक वाजलं. धुरी हवालदार आले होते, काखेत फाईल.

"अर्ज चौकशी आहे. या घरात जुगार चालतो अशी माहिती आहे. अर्जदार आंतोन हजर आहेत?"

"ते वारले," ग्लोरिया म्हणाली.

हवालदारांनी टोपी काढली, पुन्हा कागद पाहिला. "मग गैरअर्जदार क्रमांक एक? घरमालक?"

"तेही वारले."

"दोघेही?" हवालदारांनी दोन्ही नावं नीट वाचली आणि ते भिंतीजवळच्या स्टुलावर बसले. "सोतावरच अर्ज केलो?"

"सोताक खरो ठरवूक तो फाशी पण गेलो असतो," मथुराकाकी डोळे पुसत म्हणाल्या.

हवालदारांनी सूप उचललं. पानं आणि काजूबियांचा डबा. पानं सापडली की जागा जुगाराची आणि हजर असलेला प्रत्येक माणूस जुगारी समजावा, असं कायदा म्हणतो, हे त्यांनी जड मनाने सांगितलं.

"मगे तुमी पण इलातच," रहमतुल्लाचाचा म्हणाले.

हवालदार स्टुलावरून उठले. "पानं आणि डबा मुद्देमाल म्हणून न्यावा लागेल."

"पानं नाही नेता येणार," ग्लोरिया म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की फाटकाबाहेरचं कुत्रं भुंकलं. "डबा न्या. आम्हाला न्या. त्यांचा डाव अर्धा आहे."

हवालदारांनी अर्ज पुन्हा वाचला. खाली आंतोनबाबांनी विचारलंच होतं: सदर खेळ अकलेचा की नशिबाचा, याचा निर्णय व्हावा. "ठीक. ज्याला खेळता येत नाही, अशा कुणाला तरी बसवा. तो हरला तर खेळ अकलेचा, अर्ज निकाली. जिंकला तर नशिबाचा, मग पानं माझी."

तिघांनी ग्लोरियाकडे पाहिलं. तिने आयुष्यात पत्त्याला हात लावलेला कुणी पाहिला नव्हता. लिओन हळूच म्हणाले, "बस गो. हरूचाच तर आसा."

सात दिवसांनी ग्लोरिया बसली. वडिलांच्या खुर्चीत, त्यांनी ठेवली होती तशीच पाच पानं उचलून. हात अगदी भिकार. किलवरची तिरी, चौकटीची दोन फालतू पानं, हुकमाची दुरी आणि एकुलतं एक बदाम, तेही दहा. म्हणजे मेंढी. डावातली ती शेवटची मेंढी. जो ती घेईल तो जिंकणार. बदामाचा राजा रहमतुल्लाचाचांकडे होता, हे त्यांच्या मिशीवरूनच कळत होतं. ते बदाम उतरले की तिला मेंढी टाकावीच लागणार. तिने काहीच करायचं नव्हतं. हरलं की सगळे सुटणार होते.

ती पानांकडे बघत राहिली. घड्या पडलेल्या कोपऱ्यांवर पप्पांच्या अंगठ्याचा मळ होता.

पप्पांचा शेवटचा डाव हरायचा?

उतरायची पाळी तिची होती. तिने किलवरची तिरी टाकली.

"अगो, ती कित्या?" मथुराकाकी दातात धरलेल्या पदरातूनच कळवळल्या आणि त्यांनी किलवरच्या राजाने तो हात घेतला. मग पदर तसाच चावत त्यांनी किलवरचा एक्का उतरला. लिओनने किलवर दिली. ग्लोरियाकडे आता किलवर नव्हती. तिने आपल्याच जोडीच्या एक्क्याखाली बदामाची मेंढी सरकवली. रहमतुल्लाचाचांना किलवर द्यावीच लागली. त्यांचा राजा हातातच राहिला.

"अरे वा रे वा!" धुरी हवालदार मांडीवर थाप मारून ओरडले, मग खाकरले. त्यांनी पेन काढलं. "मॅडम, तुम्ही जिंकलात. ज्याला येत नाही तो जिंकला. म्हणजे नशीब. माका पानां नेऊक होयी."

त्यांनी हात पुढे केला. ग्लोरियाने पानं छातीशी धरली.

"नशीब नाही. बाकीचे तीन एक्के त्या दिवशीच पडले होते. आणि एक्का हातात असला की मथुराकाकी पदर चावतात."

मथुराकाकींनी पदर सोडला.

"तुम्हाला येतं?" हवालदार म्हणाले. "जबाबात लिहावं लागेल. शिकवलं कोणी?"

ग्लोरियाने दाराकडे पाहिलं. बादली ठेवून ठेवून उंबऱ्याजवळची फरशी तिथे झिजली होती.

"कोणी नाय," ती म्हणाली, आणि मग हवालदारांशी बोलणं सोडून हातातल्या पानांशी बोलू लागली. "वीस वर्सां थंय उभी रवान बघी होतंय. तू सांगी होतंस, बस गो. मी सांगी, वेळ नाय. वेळ होतो, पप्पा. माका तुझ्यावांगडा बसूचा होता."