निळ्या कादंबरीचे सेहेचाळीस वाचक

माणूस जेवला आहे की नाही हे त्याच्याकडे पाहून सांगता येतं. त्याने काही वाचलं आहे की नाही हे सांगता येत नाही. वाचनाच्या प्रगतीत आजवर आलेला सर्वांत मोठा अडथळा हाच. त्यावर उपाय एकच, वाचनाची नोंद ठेवणं. नोंद नीट ठेवली, की वाचन आपोआप वाढतं, आणि फार नीट ठेवली तर पुस्तकांची गरजही हळूहळू कमी होत जाते.

हे तत्त्व रावेर तालुक्यातल्या लोकजागृती वाचनालयाने १९६७ सालच्या दसऱ्यापासून अमलात आणलं. त्याचं श्रेय झुलाल पाटील या तरुण ग्रंथपालाकडे जातं. झुलाल जळगावच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला होता. शाळेत मास्तरकीची जागा निघेपर्यंत तो वाचनालय सांभाळत होता. त्याच्याकडे आलेख-कागदाचं एक जाड पुडकं होतं आणि ते वाया जावं असं त्याला वाटत नव्हतं.

निमित्त घडलं एका पोस्टकार्डाचं. ते शिंदखेडे तालुक्यातल्या एका वाचनालयाकडून आलं होतं. मजकूर असा : "आमच्या सभासदांनी गेल्या वर्षी अकराशे चाळीस पुस्तके वाचली. आपला आकडा कळवावा. कळावे, लोभ असावा."

वाचनालयाचे अध्यक्ष भिकमचंद शेठ कापडाचे व्यापारी. त्यांनी ते कार्ड दोनदा वाचलं (त्या वर्षातलं त्यांचं हे पहिलं वाचन). धुळे जिल्ह्याने जळगाव जिल्ह्याला आकडा विचारावा आणि जळगाव जिल्ह्याकडे आकडा नसावा, हे त्यांच्या मनाला लागलं. उलट टपाली आव्हान गेलं : दसरा ते गुढीपाडवा, कोणतं वाचनालय जास्त वाचतं ते पाहू. निकालाच्या दिवशी तुमचा माणूस आमच्याकडे येऊन तपासणी करील, आमचा तुमच्याकडे.

मग 'वाचन-संकल्प' योजना तयार झाली. तिचे नियम झुलालने स्वतः लिहिले. प्रत्येक सभासदाने पाडव्यापर्यंत पन्नास पुस्तकं वाचावीत. प्रत्येक पुस्तकामागे एक शिफारस-चिठ्ठी भरून दाराजवळच्या फळ्यावर लावावी, म्हणजे बाकीच्या वाचकांना काय वाचावं ते कळेल. चिठ्ठीवर मत देण्यासाठी तीन पर्याय छापलेले होते : उत्तम, अतिउत्तम आणि वाचलंच पाहिजे. ('बरं' आणि 'वाईट' हेही होते, पण कागदाच्या टंचाईमुळे चिठ्ठी खालून दोन बोटं कापावी लागली.) सातवा नियम असा होता, की दहापेक्षा कमी पुस्तकं वाचणाऱ्याचं सभासदत्व पाडव्यापासून रद्द होईल. यात कोणावर राग नव्हता. सरासरी वाढवायची तर एकतर अंशस्थानी भर घालावी लागते किंवा छेद कमी करावा लागतो, एवढाच त्यामागचा विचार होता.

योजनेला अपूर्व प्रतिसाद मिळाला. जानेवारीअखेर एकशे अठरा सभासदांनी चार हजार आठशे सत्तर पुस्तकं वाचली होती. वाचनालयात पुस्तकं तेराशे बारा होती. झुलालने सरासरी काढली, ती ४१.२७ आली. दशांशानंतर दोन घरं न काढता उत्तर सांगणं त्याला अर्ध्या बाहीच्या सदऱ्यात लग्नाला जाण्यासारखं वाटे.

वैयक्तिक पराक्रमही घडले. भांड्यांचे व्यापारी इंदरचंद यांनी एका मंगळवारी, चार ते सहा या वेळात, दोन हजार चाळीस पानांची अकरा पुस्तकं वाचली. मिनिटाला सतरा पानं पडली. प्रकाशाचा वेग लक्षात घेता यात तात्त्विक अडचण काहीच नव्हती, म्हणून झुलालने नोंद मंजूर केली. त्या अकरांत एक पुस्तक कानडी होतं. ते वाचनालयाकडे चुकून आलं होतं, पण इंदरचंदांनी त्याला 'अतिउत्तम' दिलं, आणि नंतर सात जणांनी त्यांच्या शिफारशीवरून ते वाचलं.

फळ्यावर सर्वांत पुढे मात्र एक निळी कादंबरी होती. तीनशे बारा पानांची, निळ्या वेष्टनातली. तिच्यावर सेहेचाळीस चिठ्ठ्या होत्या आणि सेहेचाळीसही 'वाचलंच पाहिजे' याखाली. भाषा ओघवती, स्वभावचित्रण जिवंत, शेवट चटका लावणारा, असं सगळ्यांचं एकमत होतं. झुलालने त्या चिठ्ठ्यांसाठी फळ्याला वेगळी पट्टी ठोकली होती.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला, दुपारी, सुगंधाबाई आल्या. त्यांची केळीची बाग नदीकडच्या रस्त्याला होती. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी प्रौढवर्गात अक्षरं शिकल्या आणि वर्ग संपल्यावर वाचनालयाचं कार्ड काढलं. फळ्यावरच्या निळ्या कादंबरीच्या चिठ्ठ्या त्यांनी बोट ठेवून एकेक करून वाचल्या. तास गेला. मग त्या टेबलाशी आल्या.

"झुलालभाऊ, मले एक सांगा. ते बाई शेवटी मरते का नांदते?"

झुलालने कोणती बाई म्हणून विचारलं.

"त्या निळ्या पुस्तकातली. फळ्यावर कोनी म्हनते मेली, कोनी म्हनते लगन झालं. चार महिन्यांपासून तिच्यासंगं राहून राह्यली मी. मले नको का समजाले?"

झुलालने चिठ्ठ्या मोजल्या. सत्तावीस चिठ्ठ्यांत नायिका मरत होती, पंधरांत तिचं लग्न होत होतं, आणि चार वाचकांनी 'शेवट सांगून रसभंग करणार नाही' असं लिहिलं होतं. मग त्याने देवघेवीचं रजिस्टर काढलं. निळ्या कादंबरीची वाचनालयात एकच प्रत होती आणि ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुगंधाबाईंच्या नावावर होती. सर्वच्या सर्व सेहेचाळीस चिठ्ठ्या त्यानंतरच्या होत्या.

झुलाल शास्त्राचा विद्यार्थी होता. तो एकदम निष्कर्षावर आला नाही. शक्यता तीन होत्या. एक, गावात दुसरी प्रत असावी. दोन, सेहेचाळीस जण सुगंधाबाईंच्या घरी जाऊन वाचत असावेत. तिसरी शक्यता सभ्य माणूस शेवटी तपासतो. दुसऱ्या प्रतीची चौकशी दोन दिवसांत संपली, तशी तो सायकल काढून बागेकडे गेला.

सुगंधाबाईंनी पुस्तक दाखवलं. ते जोडपानी होतं. म्हणजे छापल्यावर पानांच्या कडा कापायच्या राहिलेल्या, एकेक सोळा पानांचा जुडगा वाचकाने स्वतः कापून उघडायचा. सुगंधाबाई ते काम घड कापायच्या विळ्याने करत. एकशे ब्याण्णव पानांपर्यंत कडा फाटक्यातुटक्या होत्या आणि त्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. त्यापुढची पानं छापखान्यातून आली तशी एकमेकांना चिकटून होती.

"अक्का, हे वाचायला तुमच्याकडे कोणी येतं का?"

"आला होता नं एक जन," सुगंधाबाई आठवून म्हणाल्या. "पोस्टमन. त्यानं पानी मागितलं."

झुलाल बराच वेळ ती न उघडलेली पानं बोटाने चाळवत बसला. मग त्याने विचारलं, एवढीच उत्सुकता आहे तर शेवटची पानं आधी कापून का पाहत नाही.

"आधी कसं पाहू?" त्या म्हणाल्या. "तिले अजून तेथपर्यंत जायचं आहे."

त्या रोज दोन पानं वाचत. केळी रेल्वेने धाडायला वॅगन भरायच्या दिवशी तीही नाही.

झुलालने हा सर्व तपशील कार्यकारी मंडळापुढे ठेवला, आलेखासह. भिकमचंद शेठांनी आलेख उलटा धरून शांतपणे पाहिला. ते बुद्धिमान गृहस्थ होते आणि त्यांना यात काळजीसारखं काही दिसलं नाही. पुस्तक एक आणि वाचक सेहेचाळीस, यावरून पुस्तक लोकप्रिय आहे एवढंच सिद्ध होतं, असं ते म्हणाले. प्रत्यक्ष पुस्तक हाती नसताना एवढ्या लोकांना त्याचा चटका लागला, ही लेखकाच्या ताकदीची गोष्ट होती. प्रश्न उरला तो शेवटाचा. तपासनीस येऊन एकाच कादंबरीचे दोन शेवट पाहील, तर ते गावाला शोभणार नाही. मतं फळ्यावर होतीच. रसभंग न करणाऱ्या चौघांना तटस्थ धरून सत्तावीस विरुद्ध पंधरा अशा बहुमताने नायिका मरण पावल्याचा ठराव संमत झाला. पंधरा जणांनी चिठ्ठ्या दुरुस्त करून दिल्या. त्यांपैकी दोघांनी दुसऱ्यांदा वाचताना आपल्यालाही तसंच जाणवलं असं नमूद केलं.

मग सातवा नियम निघाला. सुगंधाबाईंनी चार महिन्यांत शून्य पुस्तकं पूर्ण केली होती. त्यांचं नाव कमी केलं तर सरासरी ४१.२७ वरून ४१.६२ वर जात होती. हा हिशेब झुलालनेच पूर्वी करून ठेवला होता आणि तो अचूक होता. पाडव्यापासून त्यांचं कार्ड रद्द, आणि कादंबरी आदल्या दिवशी जमा करून घ्यावी, असं ठरलं. मंडळाने झुलालचं अभिनंदन केलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला वाटलं, की आपण एवढं बरोबर गणित करायला नको होतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी तो पुस्तक आणायला गेला. येण्याचं कारण त्याने वाटेत तीन प्रकारे जुळवलं होतं. ओट्यावर बसल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही. सुगंधाबाईंनी विचारलंही नाही. कार्ड गेल्याचं गावात त्यांच्या कानावर आलं होतं. पुस्तक धुतलेल्या कापडात बांधलेलं होतं.

"दोनशे अठ्ठ्याऐंशी झाले," त्या म्हणाल्या. "चोवीस राह्यले. बारा दिवसांचं काम."

झुलाल म्हणाला, की नियम आहे.

"व्हय," त्या म्हणाल्या. "कोनी केला हो तो?"

झुलालने पुस्तक कॅरिअरला लावलं आणि चाकातली हवा तपासली. हवा भरपूर होती.

पाडव्याला शिंदखेड्याकडून नथ्थू आबा आले. निवृत्त पोस्टमास्तर, डोक्यावर पांढरी टोपी, बोलणं मोजकं. त्यांनी रजिस्टरं पाहिली, आलेखांपुढे हात जोडले आणि सर्वाधिक वाचलं गेलेलं पुस्तक मागितलं. भिकमचंद शेठांनी निळी कादंबरी दोन्ही हातांनी पुढे केली. आबा अनुभवी होते. त्यांनी ती मागून उघडली. पानं उघडली नाहीत. त्यांनी अंगठा फिरवला, जुडगा डोळ्यांशी धरून पोकळीतून आत पाहिलं आणि पुस्तक मिटलं. भिकमचंद शेठ नारळ आणायला वळले होते. आबा झुलालकडे झुकले.

"आमनं बी तसंच शे, भाऊ," ते हळूच म्हणाले. "फक्त आम्ही पानं पहिलेच कापी ठेवतंस."

निकाल बरोबरीत सुटला. दोन्ही वाचनालयांनी एकमेकांना मानपत्रं दिली आणि निळी कादंबरी पुढील पिढ्यांच्या प्रेरणेसाठी काचेच्या कपाटात कायमची ठेवावी, ती कोणालाही देऊ नये, असा ठराव झाला. कपाटाची किल्ली ग्रंथपालाकडे आली.

झुलालने ठराव काळजीपूर्वक वाचला. त्यात कादंबरी दिसली पाहिजे असं होतं, आत काय असावं याबद्दल काही नव्हतं. त्याने निळं वेष्टन उतरवलं, वाचनालयाच्या मागल्या वीस वर्षांच्या वार्षिक अहवालांच्या गठ्ठ्याला चढवलं आणि गठ्ठा काचेमागे ठेवला. जाडीत पाव इंचाचा फरक पडला. तो त्याने नोंदवला नाही. वेष्टन नसलेलं पुस्तक घेऊन तो बागेकडे गेला. कार्ड नसलेल्या बाईला दिलेल्या पुस्तकाची नोंद करायला रजिस्टरमध्ये रकाना नव्हता, त्यामुळे परत कधी द्यायचं हा प्रश्नही निघाला नाही.

तेराव्या दिवशी सुगंधाबाई वाचनालयात आल्या. (मध्ये एक दिवस वॅगन होती.) त्यांनी कोरी चिठ्ठी मागून घेतली, तिन्ही छापील पर्यायांवर काट मारली आणि खाली, कापलेल्या कडेपर्यंत, मोठ्या अक्षरांत लिहिलं : "बाई मरत नाही. लगनही करत नाही. गावी जाऊन शिवणाचं दुकान टाकते. मधी साठ पानं उगीच आहेत. मले आवडलं."

चिठ्ठी मंडळापुढे गेली. मंडळाने ती सहानुभूतीने विचारात घेतली आणि फळ्यावर लावता येत नाही असं कळवलं. लिहिणारी सभासद नव्हती. शिवाय तिचा शेवट सेहेचाळीस वाचकांच्या शेवटाशी जुळत नव्हता, आणि एका व्यक्तीने केवळ पुस्तक वाचल्याच्या बळावर सर्वांना खोटं पाडावं, ही प्रथा पडू देणं योग्य नव्हतं. झुलालने ती चिठ्ठी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. पुढच्या आठवड्यात त्याने एक कादंबरी घरी नेली. ती वाचायला त्याला सतरा दिवस लागले, आणि त्या दिवसांत त्याने एकही सरासरी काढली नाही.

कपाटातल्या निळ्या कादंबरीला अजूनही नव्या चिठ्ठ्या येतात. आपण एवढं वाचलंत, तेव्हा ती कोणती हे आपल्या ध्यानात आलंच असेल. कदाचित आपणही ती पूर्वी वाचली असेल आणि शेवट तेव्हाही थोडा वेगळाच आठवत असेल. तिचं नाव या मजकुरात कुठेही दिलेलं नाही, लेखकाचंही नाही. तरीही ज्यांना ती ओळखीची वाटली, त्यांनी कळवण्याची तसदी घेऊ नये. आपली नोंद 'वाचलंच पाहिजे' याखाली झालेली आहे.