कावेरीबाईंनी दहाही गणिते चुकविली त्याची हकीकत

श्रीगजाननास वंदन, फळा पुसणारासही वंदन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, भाद्रपद मासी एका राज्यात जे जाहले ते लिहितो, पदरचे घालत नाही. राज्य म्हणजे सहावीचा वर्ग, अंमल सोनटक्के सरांचा, आणि प्रजेत कावेरी टेमघरे नामे कन्या, गणितात ऐसी तेज की सर प्रश्न लिहून वळले न वळले तोच बाईंचा हात वर. मग सर वदले, "हात खाली घे. तुला येतं हे माहितीये. बाकीच्यांना करू दे." आणि बाईंनी हात खाली घेतला, आणि उरला तास समोरच्या घराची कौले मोजीत काढिला, आणि ऐसे दोन महिने चालिले. मधल्या सुटीत बाई डबा घेऊन जवळ गेल्या की दीक्षाने म्हणावे, "आला बघ कॅल्क्युलेटर," आणि पोरींनी हसावे, आणि बाईंनी माघारी येऊन एकटीने जेवावे. मग फर्मान निघाले की चाचणीत मागे पडतील त्यांस शाळा सुटल्यावर जादा तास. तेथे दीक्षा व आणिक चौघी सतरंजीवर गोल बसत, एकमेकींच्या वहीत डोकावत, आणि सरही चपला काढून त्यांत मांडी घालीत. बाईंनी हे दारातून पाहिले, आणि मनसुबा केला, आणि पुढील चाचणीत दहाही गणिते चुकवून सतरंजीवर दाखल जाहल्या. दीक्षा सरकली, म्हणाली, "तू पण? बस की मग."

मग सरांस शंका आली आणि त्यांनी पेपर पुन्हा पाहिला, तो प्रत्येक उत्तर नेमके सातने जास्त. सरांनी हळूच पुसिले, "सातच का गं?"

"आधी बरोबर काढावंच लागतं ना सर. मग सात मिळवले."

"पण कशाला?"

बाई सतरंजीचा दोरा ओढीत म्हणाल्या, "इथे तुम्ही खाली बसता."

सर मग म्हणाले, "माझं चुकलं," आणि पिशवीतून चौकोनांत चौकोन काढलेला कागद काढिला. "किती चौकोन आहेत? मलाही जमलेलं नाही. दीक्षा, तूही ये." बाईंनी मोजिले, लिहिले, आणि दीक्षा म्हणाली, "अगं, हा मधला राहिलाच की."

सारांश, सुटीतले एकटेपण लगेच सरले ऐसे नाही. परंतु त्या दिवशी कावेरीबाई प्रथमच खरोखर चुकल्या, आणि शिपाई दार लावावयास आला तरी उठेनात. इतकी हकीकत.