पाऊण भरायचा, वर हवा

पत्र्याच्या शेडमध्ये काका आणि मिस्त्री कुजबुजत होते. आणि पुरुष कुजबुजायला लागले, की काकींना नेमक्या त्याच भिंतीशी कपडे वाळत घालायचे असत.

"रिकामा असला की घसरतो," काका म्हणाले. "चढावर तर तोलच जातो."

"म्हणून तर भरायचा. पाऊण भरायचा, वर हवा. मग बघा कसा जमिनीला धरून चालतो!"

"जुना आहे रे. झेपेल?"

"जुन्यालाच जास्त लागतं. फक्त मळी घ्या, आतून खात नाही. पण काकींचं काय?"

"तिला कळलं तर मेलोच मी."

काकींच्या हातातला वाळका टॉवेलसुद्धा पिळून निघाला. मळी! साखर कारखान्यातल्या मळीची पुढे दारू होते, हे न कळायला त्या काही दूधखुळ्या नव्हत्या. शाळा दुसरीत सुटली असली, तरी नाकाचं शिक्षण पुरं झालं होतं. जन्मभर अर्धा कप चहा मागणारा हा माणूस आता पाऊण भरणार?

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आठ कॅन आले. काका-मिस्त्री पंप आणायला गेले तशा काकी आत शिरल्या. झाकण उघडलं. काळं, दाट, आंबूस.

"सूनबाई, वास घे."

"आई, गोड येतोय."

"सगळे गोडापासूनच सुरू होतात."

सासू-सुनेनं घाम गाळून सगळी मळी कोठीच्या खोलीतल्या पिंपांत ओतली आणि वर चादर टाकली. भावाला बोलावून दाखवायला पुरावा नको? मग कॅनमध्ये पाणी भरलं आणि घरातलं सगळं मीठ त्यात ढवळलं.

"एक घोट घेऊ दे त्यांना," काकी म्हणाल्या. "परत नाव काढणार नाही."

दुपारी दोघी स्वयंपाकघराच्या खिडकीशी दबा धरून बसल्या. काकांनी पेला काढला नाही. त्यांनी नळी काढली, ती ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला जोडली आणि पंप सुरू केला.

"आई, ते ट्रॅक्टरला पाजतायत!"

काकी काही बोलायच्या आत मिस्त्रीनं पंप थांबवला. "काका, मळी अशी भसाभसा जात नाही." त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं. "थू! मीठ आहे यात! मीठ रिम कुरतडून टाकतं. ह्या मॉडेलच्या रिमा आता कुठेच मिळत नाहीत. टायर जड करायला गेलो आणि ट्रॅक्टर भंगारात घालून बसलो!"

काका मटकन खाली बसले. 'त्या डबड्याला परत हात लावलात तर भंगारवाल्याला मीच बोलावीन,' अशी काकींनीच ताकीद दिली होती, म्हणून तर ही चोरी. आता काकींचंच खरं होत होतं. पण काकांचं तोंड बघून त्यांना ते गोड लागेना.

त्या तरातरा बाहेर आल्या. "बसलात काय? धुऊन काढा ना ते!"

"लगेच धुतलं तर वाचेल," मिस्त्री म्हणाला.

तीनदा धुतलं. रिम वाचली. "पण आता मळी कुठून आणायची?" काकांनी विचारलं आणि खाली बघितलं. शेडपासून मुंग्यांची जाड रांग निघाली होती. ती अंगण ओलांडून थेट कोठीच्या खोलीत गेली होती. काका तिच्या मागोमाग गेले आणि त्यांनी चादर उचलली.

त्यांनी आधी मळीनं भरलेल्या पिंपांकडे बघितलं, मग काकींकडे.

"किती दिवस चाललंय हे?" काकांनी हळूच विचारलं.

"अहो, मला वाटलं तुम्हीच पिताय!"

"पकडलं की सगळे असंच म्हणतात."

"मग कॅनमध्ये मीठ कशाला घालीन मी?"

मिस्त्रीनं नजर पायाच्या अंगठ्याकडे वळवली. "काही लोक मीठ चाटत घेतात, काकी."

काकींनी सुनेकडे बघितलं. सून पदरात तोंड घालून नुसती गदगदत होती. ती हसतेय हे काकींना दिसत होतं. काकांना मात्र ती रडतेय असं वाटलं.

मळी टायरमध्ये गेली. ट्रॅक्टर चढावर खांबासारखा उभा राहायला लागला. संध्याकाळी काकी उंबऱ्याला अडखळल्या, तेव्हा काकांनी लगबगीनं त्यांचा दंड धरला.

"हळू," ते मायेनं म्हणाले. "पाऊण झाली वाटतं."