आण्णा हयात ठरल्याची हकीकत

करीना ऐसाजे. इसवी सन दोन हजार तीन, माहे आक्टोबर, मुक्काम हातकणंगले. निवृत्त सेवक संघाचे सरनौबत राजमान्य राजश्री जोतीराम यांणी दीक्षाबाईंचे दारीं येऊन ताकीद दिली की, नोव्हेंबरात तुमचे सासरे आण्णा यांस जातीनिशी बँकेत उभे करणे, हयातीचा दाखला देणे. ते समयी बाईंचे कडेवर दात येणारे लेकरू आणि गॅसवर उतू जाणारे दूध, सबब "व्हय काका, बघू की" म्हणोन बोळवण जाहली.

मग पाटबंधारे खात्यातून निवृत्त जाहलेले आण्णा, त्यांचा गुडघा ऐन नोव्हेंबरात रुसला, आणि त्यांणी शक्कल लढविली की, स्वारी न जाता तसबीर पाठवावी. सत्तरीस संघाने सत्कार केला तेव्हाची, गळां झेंडूचा हार घातलेली, ताजी तसबीर आपले कुटुंब आक्का यांचे हातीं रवाना केली. आक्का खुशीत परतल्या. "कारकुनानं हुबं ऱ्हाऊन हात जोडलं की तुमच्या फोटूला!"

डिसेंबरी पेन्शन बंद. दफ्तरी आण्णा मयत. आणि घरात आक्कांचे साखरेचे इंजेक्शन संपत आलेले.

बाईंचा जीव उडाला. लेकरू काखेस मारोन त्यांणी बसस्थानकापासचे चहाचे दुकान, म्हणजे संघाचे ठाणे, गाठले. जोतीराम वदले, "बघू म्हनलीस न्हवं? आता बघच." आणि तत्काळ फर्मान सुटले. मग टेंपोत खुर्ची, खुर्चीत आण्णा, आणि मागे काठ्या, छत्र्या, कानटोप्यांनिशी अवघी फौज बँकेवर चालोन गेली.

कारकुनाने आण्णांस नखशिखांत न्याहाळले आणि जबाब दिला की, नोंद मयताची, सबब वारसाने अर्ज करावा.

"मग ह्यो वरडतोय कोन? माझं भूत?" आण्णा गरजले.

तथापि कारकून बधेना. मग संघाने गनिमी कावा योजिला. एकेक म्हातारा खिडकीशी येई, चष्मा पुसे आणि पुसे, "सायेब, मीबी मेलोय काय, जरा बघून सांगा." पहिल्याचे होते न होते तोच दुसरा, आणि दुसरा खोकतो तोच तिसरा. व्यवहार ठप्प, खातेदार हसोन बेजार. अखेर मॅनेजरसाहेब दालनाबाहेर येऊन तहास राजी जाहले. आण्णा त्याच बैठकीत हयात, तटलेले पेन्शन खात्यावर जमा, आणि पुढे ज्यास चालवत नाही त्याचे घरी बँकेने माणूस धाडावा, ऐसा करार. सांजेस इंजेक्शन घरी पोहोचले. फत्ते जाहली, हे दाखल असे.

आता दीक्षाबाईंचे वाचणारांस मागणे इतकेच की, आपले गल्लीत कोणी एकटे, ऐकू कमी येणारे पेन्शनर असेल, तर हा कागद खाली ठेवोन आधी त्यांची कडी वाजवावी, आणि आतून "कोन हाय?" ऐसा आवाज येईतो दारातून हलू नये.